गुटलूचा आवाज कुणाचा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात सुगंधा घाडीच्या नादाला लागायची कुणाची टाप नाही. पाण्याची टाकी, लिफ्टचं दार, जिन्यातल्या चपला, विषय कुठलाही असो, बाईने तोंड उघडलं की समोरचा आपली बाजू विसरतो. आणि आवाज म्हणाल तर अजून पोराचा! पाठमोरी ऐकलीत तर वाटेल, सात-आठ वर्षांचं कार्टं शिव्या घालतंय. बँकेतून फोन आला की तिकडची पोरगी लाडात विचारते, "बेटा, मम्मी आहे का घरात?" मग मम्मी तिला बँकेसकट झाडते.

हा आवाज तुम्हीही ऐकला असेल. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल होती त्यांनी तर नक्कीच. गुटलू नावाचं माकडाचं पिल्लू होतं. परदेशातलं जुनं कार्टून, इकडे मराठीत आणलेलं. गोष्ट दर वेळी एकच. गुटलू खाऊ चोरायला जातो आणि मार खातो. कधी पाठीत तवा, कधी शेपटी दारात, कधी डोक्यावर नारळ. मार बसला की गुटलू ओरडायचा, "आऽई गं, मेलो मेलो मेलोऽऽ!" शेवटचा मेलो चिरका, वर चढत जाणारा. पोरं हसून हसून लोळायची. शाळेत एकमेकांना ढकलून तसंच ओरडायची. ते ओरडणं सुगंधाचं होतं.

फक्त हे शेजारपाजार सोडला तर कुणाला ठाऊक नव्हतं. डबिंगवाल्यांची नावं तेव्हा कार्टूनच्या शेवटी कोण दाखवतो? पुढे पेपरात फोटो छापून आला तो भाऊरावांचा. भाऊराव डबिंगचे दिग्दर्शक. कार्टूनमधल्या मगरीचा आवाज त्यांचा, ते खरं. पण मुलाखतीत त्यांनी बिनदिक्कत ठोकून दिलं, गुटलूपण मीच. नेमकं त्याच आठवड्यात सुगंधाच्या श्वेताने वर्गात मिरवलं होतं की गुटलू माझी आई आहे. बाईंनी तिला पेपर दाखवला आणि खोटारडी म्हणून दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन पोरगी म्हणाली, "आई, तू मला खोटं का सांगितलंस?" त्या प्रश्नाची आग सुगंधाच्या मनात अजून विझलेली नाही.

सुगंधा मालवणाकडची. सासरा गिरणीत होता, नवरा चंद्रप्रकाश विक्रोळीच्या एका कारखान्यात. कामगारांच्या नाटकांत ती लहान पोरांची कामं करायची, कारण अंगाने चिमणी आणि गळा हा असा. तिथे कुणीतरी ऐकलं आणि तिला अंधेरीला पाठवलं. साकीनाक्याच्या मागे एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात भाऊरावांचा स्टुडिओ होता. खाली लेथ मशीन, वर कार्टून. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, पंखा रेकॉर्डिंगला बंद. कार्टूनमधल्या लहान पोरांचे आवाज बहुतेक बायकाच देतात. पोरगं दोन-चार वर्षांत मोठं होतं, त्याचा आवाज फुटतो, बाईचा फुटत नाही.

दिग्दर्शकाने काचेपलीकडे बसायचं असतं. भाऊराव आत यायचे आणि सुगंधाच्या पाठीमागे उभे राहायचे. पहिल्या दिवशी तिचं ओरडणं ऐकून म्हणाले, "बाई, हे नाटकातलं रडं झालं. मला खरं पाहिजे." चित्र परत लागलं. पडद्यावर गुटलूच्या पाठीत तवा बसला आणि त्याच क्षणी सुगंधाच्या पाठीत दणका बसला. ती किंचाळली. काचेपलीकडे कुंडलिक नावाचा रेकॉर्डिस्ट होता, त्याने अंगठा वर केला. चित्र आणि आवाज तंतोतंत जुळले होते.

तेव्हापासून तीच रीत पडली. भाऊरावांकडे लाकडी फूटपट्टी होती. पट्टीला त्यांनी लोकरीचा पायमोजा चढवला होता. बाईला कमी लागावं म्हणून नव्हे हो! फटक्याचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून. तवा असेल तर पाठीत पट्टी. शेपटी दारात सापडली तर दंडाला चिमटा, पिळून. नारळ असेल तर टाळूवर मूठ. कानाखाली मात्र कधी मारलं नाही, कारण हेडफोन सरकतो. टायमिंग असं की फ्रेम इकडची तिकडे होत नसे. माणूस आपल्या कामात पक्का होता, यात वाद नाही. खाटीकसुद्धा आपल्या कामात पक्काच असतो. कुंडलिक सगळं बघायचा आणि मान खाली घालून मीटरचा काटा बघत बसायचा.

मग ही गप्प का बसली? असं विचारायला आपलं काय जातं! चंद्रप्रकाशचा कारखाना बंद पडला होता आणि घरातली चूल सुगंधाच्या ओरडण्यावर पेटत होती. शिवाय एक गोष्ट तिने स्वतःच नंतर लेकीला सांगितली. टेक ओके झाला, भाऊराव "झकास!" म्हणाले, की पाठ ठणकत असतानासुद्धा तिला आनंद व्हायचा. त्या आनंदाची तिला जास्त चीड येते, माराच्या चिडीपेक्षा.

एके दिवशी चंद्रप्रकाशने तिच्या पाठीवरचे वळ पाहिले. "खंय जातंस तू? कोणाकडे जातंस?" तिने खरं ते सांगितलं. माकडाला मारतात तेव्हा मला मारतात. आता तुम्हीच सांगा, रिकामा बसलेला, संशयाने पोखरलेला नवरा यावर विश्वास ठेवील? त्याने कमरेचा पट्टा काढला. जुन्या वळांवर नवे वळ उठले, एक फुटलाही, रक्त परकरापर्यंत उतरलं. सुगंधा ओरडली. आणि ओरडायची तर तिच्या गळ्याला एकच रीत ठाऊक होती. "आऽई गं, मेलो मेलो मेलोऽऽ!"

गॅलरीतली पोरं धावत आली. "गुटलू! गुटलू!" खिडकीच्या गजांना लोंबकळून त्यांनी टाळ्या पिटल्या. शेजारच्या रुक्मिणीकाकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "सुगंधा प्रॅक्टिस करतेय वाटतं." कुणी दार ठोठावलं नाही. आणि कोपऱ्यात, गादीच्या वळकटीवर बसलेली चार वर्षांची श्वेता खिदळत होती. टाळ्या वाजवून म्हणाली, "बाबा, परत! गुटलू परत!"

पट्टा खाली आला तशी सुगंधा लेकीकडे बघून हसली. "हो गो बाये, खेळतोय आम्ही." दुसरं काय सांगणार होती? पण त्या दिवसानंतर ती घरात ओरडली नाही. दातांत पदर धरायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. चंद्रप्रकाश दारूने मेला तोपर्यंत हेच चाललं. स्टुडिओत मार बसला की आवाज काढायचा, घरात मार बसला की गिळायचा. इतकी चोख शिकवण कुत्र्यालाही कुणी देत नसेल. चंद्रप्रकाश गेला, भाऊरावांचा गाळा विकला गेला, कार्टून बंद झालं, आणि तो आवाज जो बसला तो बसलाच. भांडताना तोंड चालायचं तिचं, पण पाय भाजला, बोट चेचलं, तरी तोंडातून हुं निघायचा नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. बोरिवलीची मृणालिनी नावाची मुलगी, गुटलू बघत वाढलेली, जुन्या कार्टूनच्या आवाजांवर डॉक्युमेंटरी करत होती. कोण कसे आवाज काढायचं, कुठल्या गाळ्यात, कुठल्या यंत्रावर, सगळं जमवत होती बिचारी. तिला कुठून तरी एक जुनी टेप मिळाली. टेपच्या सुरुवातीला कुंडलिकचा आवाज होता. "सुगंधा, तवा, टेक तीन." मृणालिनी चक्रावली. गुटलू जर भाऊराव, तर ही सुगंधा कोण? कुंडलिकला विचारावं तर तो कोरोनात गेलेला. शोधत शोधत ती विक्रोळीला आली. सुगंधाने दार उघडून "कोण पाहिजे?" एवढंच विचारलं आणि मृणालिनी उंबऱ्यातच रडायला लागली. तिचं सगळं बालपण त्या दोन शब्दांत होतं.

पण रडून काही सिद्ध होत नाही. भाऊरावांनी मृणालिनीला ठणकावून सांगितलं होतं, सुगंधा गर्दीतले आवाज करायची, बस. टेपवर नाव असेल, त्यात काय? मृणालिनीने तोड काढली. दोघांनी जोगेश्वरीच्या स्टुडिओत यावं. तव्याचा जुना प्रसंग आवाज काढून टाकून पडद्यावर लागेल, कॅमेरा चालू राहील, दोघांनी ओरडून दाखवावं. ज्याचा गुटलू, त्याचं नाव डॉक्युमेंटरीत. "जमेल ना, सुगंधाताई?"

"जमेल म्हणजे? कधीची वाट बघतेय मी," सुगंधा म्हणाली.

मृणालिनीची पाठ वळली आणि हिने स्वयंपाकघरात उभं राहून तोंड उघडलं. नुसती हवा. गरम पाणी प्याली, काळी मिरी चघळली, परत तोंड उघडलं. हवा! दिवसामागून दिवस गेले. बोलायचा आवाज शाबूत, गुटलूचं बोलणं शाबूत, पण ओरडणं म्हटलं की गळा मिटायचा. वाट लागली, तिच्या मनात आलं. एकदाच लेकीसमोर खरी ठरायची वेळ आलीय आणि हा मेला गळा दगा देतोय.

शूटिंगच्या सकाळी श्वेता आंघोळ करून आली. आता ती मुलुंडच्या एका लॅबमध्ये कामाला आहे, तेहतीस वर्षांची बाई. सुगंधा तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. "माझ्या पाठीत एक घाल. मूठ वळून. जोरात."

"काय?"

"मारल्याशिवाय येत नाही तो. घाल म्हणते ना!"

"वेडी झालीस का, आई?"

"बाप मारायचा तेव्हा परत परत म्हणून टाळ्या पिटायचीस ना?" सुगंधा गर्रकन वळली. "मग आता मार की! का हात झिजतात?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंनुसं झालं. श्वेताचं तोंड पांढरं पडलं. ओट्यावरचं पातेलं उचलून तिने असं भिरकावलं की भिंतीची फरशी तडकली. "चार वर्षांची होते मी! चार! तूच म्हणालीस खेळतोय म्हणून!" मग ती खालीच बसली आणि हमसून हमसून रडली. सुगंधा शेजारी बसली. तिलाही रडायचं होतं, पण तेही आवाज करूनच येतं. बऱ्याच वेळाने श्वेता उठली, डोळे पुसले, म्हणाली, "चल. आला तर आला, नाहीतर गेला खड्ड्यात. मी आहे तुझ्यासोबत."

जोगेश्वरीचा स्टुडिओ थंडगार होता. भाऊराव आधीच येऊन बसलेले, ऐंशीला टेकलेले तरी ताठ, खांद्यावर कुठल्याशा सत्कारातली शाल. सुगंधाला बघून हात पसरले. "ये गं पोरी! म्हातारी झालीस की!" सुगंधाच्या पाठीचं कातडं आखडलं. सगळ्या कन्नमवार नगराला गप्प करणारी बाई, तिला चक्क भीती वाटली.

पहिला नंबर भाऊरावांचा. "घसा गेलाय हो आता," असं आधीच सांगून त्यांनी तव्यावर एक बारीक किंकाळी काढली. बोकड ओरडावं तशी. कॅमेऱ्यामागची मंडळी भिडेखातर म्हणाली, वाहवा, या वयात! मग सुगंधा आत गेली, हेडफोन चढवला, काचेचं दार बंद झालं. पडद्यावर गुटलू दबक्या पावलांनी केककडे निघाला. मागून मगर आली. तवा उठला, बसला. सुगंधाने तोंड उघडलं आणि नुसता श्वास बाहेर आला.

"पुन्हा घेऊ," मृणालिनी म्हणाली. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. काचेपलीकडे श्वेता हातांच्या मुठी आवळून उभी होती. भाऊराव मान हलवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी सांगत होतो. कशाला बिचारीची फजिती करता?"

इथेच म्हाताऱ्याने गप्प राहायला हवं होतं. जिंकलाच होता तो! पण चौथ्यांदा तवा रिकामा गेला आणि भाऊराव खुर्चीत चुळबुळले. ज्या माणसाने आयुष्यभर एक फ्रेम चुकू दिली नाही, त्याला रिकामा तवा बघवेना. खोड ती खोड. "अगं, तुझं टायमिंग चुकतंय. थांब, मी येतो," म्हणत ते उठले, दार ढकलून आत गेले आणि तिच्या पाठीमागे उभे राहिले, पूर्वी उभे राहायचे तसेच. आपण इथे कशासाठी आलोय, कॅमेरा चालू आहे, सगळं विसरले. चित्र लागलं. गुटलू निघाला, मगर आली, तवा उठला, आणि भाऊरावांचं कोपर सुगंधाच्या पाठीत बसलं.

"आऽई गं, मेलो मेलो मेलोऽऽ!"

काचेपलीकडे सगळे उभे राहिले. गुटलू! तोच, जसाच्या तसा, शेवटी वर चढत जाणारा. मृणालिनीने दोन्ही हात तोंडावर घेतले. आधी ती हसणार होती, लहानपणी हसायची तशी, आणि मग तिला कळलं की आजवर आपण कशाला हसत होतो. श्वेता दारावर हात आपटत होती. भाऊरावांना मात्र टेकपलीकडचं काही दिसत नव्हतं. "आला ना! बघ, आला ना!" त्यांचा चेहरा उजळला होता. प्रसंग अजून संपला नव्हता. पडद्यावर झाडावरून नारळ सुटला आणि भाऊरावांची वळलेली मूठ आपोआप सुगंधाच्या टाळूवर उगारली गेली.

सुगंधा वळली. "मेल्या!" तिने ती मूठ दोन्ही हातांनी धरली आणि मनगट उलटं पिळलं. जिथे थांबतात तिथे ती थांबली नाही. हाड मोडल्याचा आवाज माइकने स्वच्छ टिपला. भाऊराव गुडघ्यांवर कोसळले. "सोड! अगं सोड, मेलो!" घोगरा, जाड, फाटका पुरुषी आवाज. गुटलूचा त्यात लवलेश नव्हता, आणि तो स्पीकरवर सगळ्यांनी ऐकला.

नारळ गुटलूच्या डोक्यावर पडला तेव्हा सुगंधाच्या अंगाला कुणाचाही हात लागलेला नव्हता. तरी ती ओरडली. बरोब्बर त्या फ्रेमवर. प्रसंग संपला, पडदा काळा झाला, ती ओरडतच राहिली. पट्टा, गजांना लोंबकळणारी पोरं, दातांत धरलेला पदर, सगळं त्या ओरडण्यात होतं. शेवटी शेवटी तो गुटलूचा आवाज राहिला नाही. एका बाईचा झाला. कुणी हसलं नाही. श्वेता आत धावली आणि तिने आईला मागून घट्ट धरलं.

भाऊराव जमिनीवर हात छातीशी धरून विव्हळत होते. सुगंधाला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला बोला. तिला बरं वाटलं.

"हात मोडला माझा!" भाऊराव ओरडले. "पोलिसांना बोलवा! सगळं रेकॉर्ड झालंय!"

"हो," मृणालिनी म्हणाली. "पहिल्या तव्यापासून सगळं."

म्हाताऱ्याने पोलिसांचं नाव परत काढलं नाही. कुणीतरी बर्फ आणायला पळालं, कुणी रिक्षा बघायला. मृणालिनी सुगंधाजवळ आली. जे कामाचं होतं तेच तिने विचारलं. "ताई, डॉक्युमेंटरीत नाव कसं लिहू?"

सुगंधाने पदराने तोंड पुसलं. आवाज पार बसला होता, तरी सगळ्यांना ऐकू आलं. "गुटलूचा आवाज, सुगंधा चंद्रप्रकाश घाडी." मग ती थांबली. "नाही. चंद्रप्रकाश नको. नुसतं सुगंधा घाडी."

"बरं."

"आणि ह्यांचंही नाव घाल गो. दुसऱ्याचं काम आपण कशाला गिळा? माझ्या नावाखाली लिही. मार, भाऊराव."